ज्वारी गेली तेव्हा तिच्याबरोबर काय काय गेलं? (कोरडवाहू शेतीची साखळी)

काळीभोर_औसा

मंडळी, पोस्ट लांब होणार आहे, वेळ काढून वाचा. आमची लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात सात एकर कोरडवाहू जमीन आहे. वडील होते तोवर त्यातली निम्मी तरी ज्वारीखाली असायची, गेली वीस एक वर्षं सगळं सोयाबीन आणि मागून हरभरा. गेल्या रब्बीत मी हट्टानं तीन एकर मालदांडी (रब्बी ज्वारीचं जुनं वाण) पेरली. डोक्यात एवढंच होतं की घरची भाकर होईल, जमिनीला बदल मिळेल, कडब्याचे चार पैसे येतील. पदरात पडली नऊ क्विंटल, जिथं पंधरा-सोळा तरी धरली होती. आणि ह्या सहा महिन्यांत मला जे कळलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही म्हणून हा धागा.

आपण सगळे शेतीचा हिशोब पिकावर करतो. एकरी खर्च किती, उतारा किती, भाव किती. वडिलांचा हिशोब असा नव्हताच हे मला आत्ता कळतंय. त्यांच्याकडं एक बैलजोडी, दोन गायी आणि एक म्हैस. एका बैलाला दिवसाला सहा-सात किलो वाळला चारा लागतो, म्हणजे जोडीला वर्षाचा साडेचार-पाच टन. कोरडवाहू मालदांडी एकरी दोन-सव्वादोन टन कडबा देते. आता बघा, दोन-सव्वादोन एकर ज्वारी ही फक्त जोडीसाठी, आणि वडील पेरायचे तीन-साडेतीन एकर, म्हणजे वरचं गायी-म्हशीला (बाकी बांधावरचं गवत, तुरीचं भुसकट, हरभऱ्याची गुळी). दाणे घरात, कडबा दावणीला, शेण उकिरड्यात, आणि वैशाखात उकिरडा उपसला की 15-16 गाड्या खत निघायचं. सात एकराला ते एका वर्षी पुरायचं नाही म्हणून प्रत्येक तुकड्याची पाळी तिसऱ्या वर्षी. कुठल्या वर्षी कुठल्या तुकड्यात खत पडलं हे वडिलांना तोंडपाठ असायचं, माझ्या वयाच्या लोकांना दोन वर्षांमागं कुठलं बियाणं होतं ते आठवत नाही.

म्हणजे ज्वारी हे डिझेल पण होतं, खताचं पोतं पण होतं आणि राशन पण होतं. आम्ही ती काढली तेव्हा वाटलं एक पीक बदललं. तीन वर्षांत चारा विकत घ्यायची वेळ आली, मग एक गाय विकली, मग दुसरी, 2016 ला बैल गेले. बैल गेले तसं शेण गेलं. मग पाळीचं खत थांबलं ते थांबलंच.

आता ज्वारी परत आणली तर काय झालं? पाखरं. पूर्ण शिवारात ज्वारी एकट्या माझी. डिसेंबरात दाणा दुधात आला आणि सकाळी शेतावर गेलो तर चिमण्यांचे, पोपटांचे थवेच्या थवे कणसांवर बसलेले. लहानपणी आम्ही माळ्यावर बसून गोफण फिरवायचो तेव्हा पण पाखरं होतीच की, पण ती दोनशे एकरात वाटली जायची, आता पंचक्रोशीतली सगळी माझ्या तीन एकरावर. कणसाचा वरचा अर्धा भाग नुसता बोंडकासारखा राहिला होता, हातात घेतला तर दाण्याच्या जागी रिकाम्या टोपण्या. मग काढायला माणूस मिळेना. मग मळणीयंत्रवाल्याकडं ज्वारीची जाळी नव्हती, ती दुसऱ्या गावाहून आणली. मग कडबा घ्यायला गावात गिऱ्हाईक नाही, कारण गावात जनावरंच किती उरलीत. शेवटी शंभर पेंढ्यांना 1,800 नं लांबच्या माणसाला दिला, भरायचे आणि गाडीचे पैसे मी दिले.

मुद्दा असा की एक कडी परत जोडून भागत नाही, तिला धरणाऱ्या बाकीच्या कड्या जागेवर नाहीत. तुमच्याकडं काय अनुभव आहे ते सांगा. कुणी कोरडवाहूत हे परत बसवलंय का, खरंच बसवलंय, यूट्यूबवर नाही.

---

सोयाबीनच_बरं

काळीभोर दादा, तुमच्या मेहनतीबद्दल आदर आहे पण मी थोडं उलटं बोलतो, राग मानू नका. सोयाबीन आम्ही कुणाच्या सांगण्यावरून नाही घेतलं. शंभर दिवसात पीक घरात, दिवाळीच्या आधी हातात रोख, आणि रान मोकळं झालं की हरभरा. मालदांडीसाठी अख्खं खरीप रान पड ठेवून वखराच्या पाळ्या घालत बसायचं, नाहीतर फार तर मूग-उडीद काढून पेरायची. आमचे आजोबा ठेवायचे पड, कारण त्यांना 30 एकर होती. मला साडेतीन आहे. पोरीची फी जूनला, सोसायटीचं कर्ज 31 मार्चला. पीककर्ज सुद्धा एकरी सोयाबीनला जास्त बसतं, ज्वारीला कमी. मी रोखीचं पीक सोडून बैलाला काय चारू हा विचार करत बसलो तर घर कसं चालणार.

---

काळीभोर_औसा

अहो राग कसला, तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे, मी पण चार एकर सोयाबीनच ठेवलंय. 1970-71 च्या कृषी गणनेत राज्यातलं सरासरी खातं 4.28 हेक्टर होतं, 2015-16 ला 1.34 हेक्टरवर आलं. वाटण्या झाल्या पण बैलजोडीची वाटणी होत नाही ना. साडेतीन एकरवाल्याला पण जोडी अख्खीच लागते आणि तिला चारा पण अख्खाच. म्हणून जोडी परत आणा असं मी म्हणतच नाहीये. मला एवढंच विचारायचंय की ती जोडी जे काम करत होती त्यातलं नांगरट-पेरणीचं काम ट्रॅक्टरनं घेतलं, पण खताचं काम कुणी घेतलं? ते कुणीच घेतलं नाही. ते काम पडून आहे आणि जमीन त्याची भरपाई देतेय.

---

कृषीसहाय्यक_निवृत्त

चांगला धागा. मी 33 वर्षं नोकरी केली, त्यात मराठवाड्यातले चार तालुके पाहिले म्हणून थोडा इतिहास सांगतो, कारण ज्वारी एका दमात गेली नाही.

आधी गेली खरीप ज्वारी. 72 च्या दुष्काळानंतर हायब्रीड जोरात आलं, सीएसएच 5, सीएसएच 9 वगैरे. उतारा दुप्पट, लोकांची पोटं भरली हे विसरता कामा नये, ज्यांनी मिलो (दुष्काळात बाहेरून आणलेली लाल ज्वारी) खाऊन दिवस काढले त्यांना विचारा. पण हायब्रीड बुटकं, कडबा कमी आणि जनावर तो मन लावून खात नाही. आणि परतीच्या पावसात कणीस सापडलं की दाणा काळा पडायचा, काळ्या ज्वारीला भाव नाही. त्याच वेळी राशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळायला लागला. म्हणजे विकायला भाव नाही आणि खायला गरज नाही. ह्या मोकळ्या जागेत नव्वदीच्या दशकात सोयाबीन आलं. जबलपूरचं जेएस 335 हे वाण 1994 ला आलं आणि पुढं पंधरा-वीस वर्षं शेतकऱ्याला दुसरं नाव माहीत नव्हतं. तेव्हा आम्हीच प्रात्यक्षिकं घेतली, मिनीकिट वाटले, मी स्वतः गावोगाव सांगितलं की हे द्विदल आहे, गाठीतून नत्र देतं, जमीन सुधारेल.

ते अर्धंच खरं होतं. सोयाबीन हवेतलं नत्र घेतं हे बरोबर, पण दाण्यात 40 टक्के प्रथिनं असतात, तेवढं नत्र दाण्याबरोबर पोत्यात भरून बाजारात जातं. राहतो तो पाला, तो काढणीच्या आधीच गळतो आणि लवकर कुजून जातो. ज्वारीच्या मुळ्या आणि धसकटं दोन-दोन वर्षं रानात सापडायची. जमिनीला खायला दोन्ही लागतं, लवकर कुजणारं आणि सावकाश कुजणारं. आम्ही सांगताना पहिलं सांगितलं, दुसरं सांगितलं नाही. ही चूक मी माझी मानतो.

---

भाकरी_पुणे

मी शेतकरी नाही, पुण्यात राहते, माहेर भूम तालुक्यातलं. आई अजून रोज दोन भाकरी करते म्हणून प्रश्न विचारते. दुकानात ज्वारी गव्हापेक्षा महाग मिळते आणि तुम्ही म्हणता परवडत नाही, मग मधले पैसे कुठं जातात? 2023 ला आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, तेव्हा केवढी चर्चा होती सगळीकडे.

---

काळीभोर_औसा

ताई, मधल्याचा वाटा आहेच, पण ज्वारीचं मूळ दुखणं वेगळं आहे. सोयाबीनचा कारखाना आहे. लातूरला तेलगिरण्या आहेत, रोज माल लागतो, मी सकाळी पोतं नेलं तर दुपारी पट्टी (विक्रीची पावती) हातात. ज्वारी घेणारं म्हणजे किरकोळ व्यापारी, तो दाणा दातानं फोडून बघणार, मोत्यासारखा पांढरा असेल तर एक भाव, जरा पिवळट असेल तर वेगळाच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, तिथं नाव आहे. आमच्या ज्वारीला नाव नाही.

आणि भरडधान्य वर्षात बिस्किटं आली, लाह्या आल्या, ते चांगलंच आहे. पण उपटायला माणूस मिळावा यासाठी काही झालं नाही.

---

रानातली_बाई

दादा तुम्ही लिहिलंत काढायला माणूस मिळेना, ते मी सांगते का मिळत नाही. मी स्वतः ज्वारीच्या उपटणीला बारा-तेरा वर्षं गेलेय, आता सोयाबीन काढायला जाते.

शाळू म्हणजे रब्बी ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात, कारण बुडखा पण कडब्यात धरतात. फेब्रुवारीत जमीन वाळून दगड झालेली असते, भेगा पडलेल्या. वाकून दोन्ही हातांनी ताट धरायचं, अंगठ्याच्या बुडाशी जोर लावायचा आणि हिसका द्यायचा. पहिल्या दिवशी फोड येतात, दुसऱ्या दिवशी फुटतात, मग जुन्या लुगड्याची चिंधी बांधून तिसऱ्या दिवशी. पानाची कड मनगटावर वरखडे काढते आणि त्यात घाम गेला की आग होते. मग मुळाची माती झटकायची, पेंढी बांधायची, पाच-पाच पेंढ्यांचा पाचुंदा उभा करायचा. मग परत एकदा कणसं मोडायला बसायचं, तेव्हा ज्वारीची कूस गळ्यात-मानेत जाते, रात्रभर खाज. मागच्या काळात बायका जायच्या कारण मजुरी धान्यात मिळायची, दिवसाला पायली-दोन पायली, ती घरी चार-पाच दिवस पुरायची. आता घरात राशनचा गहू-तांदूळ आहे, 2023 पासून तर फुकट आहे, मग कोण हात फोडून घेईल. सोयाबीन आम्ही गुत्त्यानं (एकराचे पैसे ठरवून) घेतो, आठ-दहा जणींची टोळी, सकाळी सहाला लागलं की एकराचा निकाल दुपारपर्यंत. वाकावं लागतं, शेंगाची टोकं टोचतात, पण पैसे रोख आणि जास्त.

तुम्ही पुरुष मंडळी साखळी-साखळी लिहिता त्यात ही कडी पण धरा. जुनी पद्धत बायकांच्या हातावर चालायची आणि त्या हाताची मजुरी कुठल्याच हिशोबात नव्हती. ती परत आणायची असेल तर हातानं उपटायला लावून आणू नका.

---

काळीभोर_औसा

ताई, हे मी लिहायला पाहिजे होतं, माझ्याकडून राहिलं. आमच्या घरात आईच जायची उपटणीला सगळ्यांच्या पुढं. मी हिशोबात बैल धरला, गाय धरली, आई धरली नाही. तुमची पोस्ट मी घरी वाचून दाखवली, आई म्हणाली बरोबर लिहिलंय त्या बाईनं, चिंधीचं सुद्धा खरं आहे, फक्त ती चिंधी ओली करून बांधायची.

---

मंगळवेढा_शाळू

आमच्याकडं अजून ज्वारी टिकून आहे म्हणून थोडं लिहितो. टिकली ती आमच्या हुशारीनं नाही, जमिनीमुळं. इथली काळी खोल, पाऊस कमी आणि तो पण परतीचा, खरिपाला भरवसाच नाही. सोयाबीन इथं येत नाही, आलं असतं तर आम्ही पण गेलो असतो कदाचित. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरायची, मग वरून एक थेंब नाही पडला तरी खालच्या ओलीवर पीक येतं.

पण पाखरांचं तुम्ही लिहिलं ते अगदी बरोबर. इथं सगळं शिवार ज्वारीचं असतं म्हणून पाखरं जाणवत नाहीत. खोडमाशीचं पण तसंच, सगळ्यांची पेरणी आठ-दहा दिवसांत उरकली की माशी वाटली जाते, कुणी एकटा महिनाभर मागं राहिला की पोंगेमर (कोवळा पोंगा वाळणं) त्याच्याकडंच. म्हणजे शेजारी काय पेरतो ते तुमच्या उताऱ्यात येतं. तुम्ही एकट्यानं तीन एकर करण्यापेक्षा सहा जणांनी अर्धा-अर्धा एकर लगत केली असती तरी फरक पडला असता.

काढणीचं बोलाल तर आता कापणीची छोटी यंत्रं आलीत, रीपर म्हणतात, बुडातून कापून एका बाजूला पाडतं. उंच मालदांडी पडलेली-वाकलेली असली तर नीट चालत नाही पण उभ्या पिकात काम होतं. ताईंनी लिहिलंय त्यातलं निम्मं कष्ट तरी वाचतं. बुडखा रानात राहतो तो कुजून जमिनीलाच मिळतो.

---

पेंडीचा_भाव

सोयाबीनच_बरं यांना एक विचारतो, तुम्ही रोखीचं पीक म्हणालात, पण त्या रोखीची दोरी कुणाच्या हातात आहे ते पण बघू या. मी बाजार समितीत बारा वर्षं आडतीवर बसतोय.

सोयाबीनमधून तेल निघतं साधारण 18 टक्के, बाकी सगळी पेंड. म्हणजे भाव तेलापेक्षा पेंडीवर चालतो, पेंड जाते कोंबडीला आणि परदेशात. 2021 च्या पावसाळ्यात भाव दहा हजाराच्या वर गेला ते सगळ्यांना आठवतं. तेव्हा पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली आणि ऑगस्टमध्ये केंद्रानं 12 लाख टन जीएम (जनुकात बदल केलेल्या सोयाबीनची) पेंड आयातीला परवानगी दिली, नवं सोयाबीन बाजारात येईपर्यंत भाव निम्म्यावर. 2024 च्या सप्टेंबरात कच्च्या खाद्यतेलावर आयात शुल्क वाढवलं, तरी दर वर आला नाही कारण पेंडीला उठाव नव्हता आणि ब्राझील-अर्जेंटिनाचं पीक भरपूर. 2025 च्या मे महिन्यात ते मूळ शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं. 2024-25 च्या हंगामात हमीभाव 4,892, बाजारात बहुतेक दिवस चार-सव्वाचार हजार. सरकारी खरेदीला ओलाव्याची अट 12 टक्के होती ती नोव्हेंबरात 15 केली, पण तोवर ज्याला पैशाची निकड होती त्यानं विकून टाकलं होतं.

पूर्वीची साखळी आपल्या दावणीपासून उकिरड्यापर्यंत होती, तुटली तर घरात दिसायची आणि घरातून दुरुस्त करता यायची. आत्ताची साखळी औशापासून ब्राझीलपर्यंत आहे, तिच्यात काय तुटलं ते आपल्याला पट्टी हातात आल्यावर कळतं.

---

सोयाबीनच_बरं

पेंडीचा_भाव, हे सगळं मान्य. पण ज्वारीचा हमीभाव तरी कुठं मिळतो, मालदांडीला 2024-25 ला 3,421 होता आणि आमच्याकडं खरेदी केंद्रच नव्हतं. माझं म्हणणं बदललं नाही, पण एक गोष्ट कबूल करतो. माझ्या रानात गेल्या पाच वर्षांत खत वाढवलं तरी उतारा वाढत नाही. एक बॅग डीएपीची दीड केली. आठ क्विंटलचा उतारा सहावर आलाय. 2023 ला पिवळा मोझॅक आला तेव्हा तर चारच झालं. कारण मला कळत नाही.

---

कृषीसहाय्यक_निवृत्त

सोयाबीनच_बरं भाऊ, एक काम करा, पैसे लागत नाहीत. पुढच्या पावसानंतर वाफसा आला (माती चिकटेनाशी झाली पण ओल आहे) की रानात कुदळीनं हातभर खड्डा घ्या. खड्ड्याच्या कडेला बोटानं किंवा चाकूच्या टोकानं वरून खाली टोचत या. पाच-सहा इंच मऊ लागेल आणि मग एकदम टणक थर लागेल असं मला वाटतं. रोटाव्हेटर दरवर्षी त्याच खोलीवर फिरतो, त्याच्या पात्यांचा मार आणि वरून ट्रॅक्टरचं वजन, खाली फरशी तयार होते. मग त्याच खड्ड्याशेजारचं सोयाबीनचं झाड मुळासकट काढा आणि सोटमूळ बघा.

---

सोयाबीनच_बरं

उशिरा लिहितोय, माफ करा. परवा पावसानं वाफसा आला म्हणून बघितलं. उगवण नुकती झालीय म्हणून मागच्या साली बांधाकडेला राहिलेली तुरीची दोन खुंटं उकरली. तुरीचं मूळ सरळ खाली जायला पाहिजे ना, ते सहा इंचावर गेलंय आणि तिथून काटकोनात वळून आडवं पसरलंय, कोपरात हात वाकवावा तसं. दोन्हीचं तसंच. बांधाच्या अगदी कडेला जिथं रोटाव्हेटर जात नाही तिथलं तिसरं खुंट उकरलं तर ते इतकं खोल की निघेच ना, तुटलं. फोटो टाकलाय बघा. माती पण वेगळी, बांधाकडची मुठीत धरली की ढेकूळ होऊन हळूच फुटते, रानातली एकतर दगड नाहीतर पीठ.

हे बघून झोप आली नाही. दीड बॅग डीएपी मी त्या वरच्या सहा इंचाला चारत होतो.

---

कृषीसहाय्यक_निवृत्त

मग पाणी पण तेवढ्यातच मुरतं, त्याच्या खाली जात नाही. मोठा पाऊस झाला की वरचं भिजून पाणी वाहून जातं आणि पंधरा दिवस उघडीप पडली की पीक माना टाकतं. लोक म्हणतात पाऊस बदलला. बदललाय खरा, खंड मोठे झालेत, पण रान पण बदललंय. तेवढाच खंड खोल मुळाच्या पिकाला तेवढा बाधत नाही.

उन्हाळ्यात एकदा सबसॉयलर (खालचा टणक थर फोडणारं अवजार) नाहीतर खोल नांगरट, रोटाव्हेटर एक-दोन वर्षं बंद, आणि रुंद सरी वरंब्यावर पेरणी. पण हे यंत्रानं फोडलेलं परत बसतं. फुटलेलं टिकवायला त्यात मूळ जायला लागतं आणि शेणखत लागतं. बियाण्याचा खर्च तरी कमी करा, सोयाबीन सरळ वाणाचं आहे, हायब्रीड नाही, घरचं बी दोन-तीन वर्षं चालतं, गोणपाटाच्या ओल्या तुकड्यात 100 दाणे गुंडाळून ठेवा, 70 च्या वर उगवले तर पेरा.

---

दावण_आणि_दूध

मी गोठेवाला, निलंग्याच्या बाजूला, 22 संकरित गायी. शेती फक्त दोन एकर, तिच्यात हत्ती गवत. मी वाचत होतो आणि मला एकच गोष्ट दिसत होती: काळीभोर दादांना कडब्याला गिऱ्हाईक नाही आणि मला चाऱ्याला जमीन नाही. मी मका मुरघास (हवाबंद मुरवलेला चारा) आणि उसाचं वाढं विकत घेतो, कडबा सोलापूरकडून येतो. आणि माझ्याकडं शेण इतकं होतं की टाकायला जागा नाही, गोठ्यामागं ढीग पडलाय, पावसाळ्यात त्याचा वास आणि माशा, शेजाऱ्याशी दोनदा वाद झाले.

दादा, कडबा हलका पण जागा खातो, ट्रॉलीत अख्खा भरला की फार थोडा बसतो, वाहतुकीतच पैसा जातो. त्याची रानातच कुट्टी केली तर त्याच ट्रॉलीत जास्त माल बसतो. आणि ट्रॉली माझ्याकडं आली की रिकामी जाते. ती शेणखत घेऊन जाऊ शकते.

---

काळीभोर_औसा

भाऊ, तुमची पोस्ट वाचून मी पाणी प्यायला उठलो आणि परत येऊन वाचली. आमच्याकडं शेणखताची ट्रॉली चार-पाच हजाराला मिळते, ती पण ओली, अर्धी माती. माझ्या गावापासून निलंगा 40 किलोमीटरच्या आत आहे.

एक अडचण आधीच सांगतो म्हणजे नंतर वाईटपणा नको. ताजं शेण रानात टाकलं तर हुमणी (मुळ्या खाणारी अळी) होते, गेल्या साली एकाच्या उसात मी पाहिलंय. कुजलेलं पाहिजे. तुमच्याकडं कुजवायला जागा नाही, माझ्याकडं बांधालगत पडीक पट्टी आहे, तिथं ढीग घालून मी कुजवीन, पण मग भाव ताज्याचा धरायचा.

---

दावण_आणि_दूध

भावाचं नंतर बोलू, वजनाला वजन पण करता येईल. माझी एकच अट, कडब्यावर शेवटचा महिना फवारणी नको आणि भिजलेला नको, बुरशी आली की गाय दूध आटवते आणि डॉक्टरचं बिल वेगळं.

---

लाल_कंधारी

सगळे बैल गेले म्हणतायत म्हणून लिहितो, लोह्याकडं काही घरी अजून आहेत, आमच्याकडं लाल कंधारीची एक जोडी आहे. पण पूर्वी हळी-हंडरगुळीच्या बाजारात नाहीतर माळेगावच्या जत्रेत थकला बैल विकून, थोडे पैसे घालून गोऱ्हा घेता यायचा, जोडी अशी फिरत राहायची. 2015 ला बैलाच्या कत्तलीवर बंदी आल्यापासून थकल्या बैलाला घेणारा नाही, तो दावणीला आणि नव्याचे सगळे पैसे खिशातून. कायदा बरोबर की चूक ह्यावर मला इथं भांडायचं नाही, आमच्या घरात पण म्हाताऱ्या बैलाला पोळ्याला पुरणपोळी असते. पण त्याचा दोन-तीन वर्षांचा चारा कुणी द्यायचा हे ठरवलं नाही, तो एकट्या शेतकऱ्यावर पडला, म्हणून लोकांनी पुढची जोडीच घेतली नाही.

---

रानातली_बाई

काळीभोर दादा, ह्या साली परत पेरणार का? पेरणार असाल आणि यंत्रानं कापणार असाल तर कणसं मोडायला आमची टोळी येईल. मजुरी रोख पण अर्धी ज्वारीत घेऊ, घरात म्हाताऱ्या माणसांना भाकर लागते आणि विकत घ्यायला परवडत नाही. आमच्यातल्या चौघींनी हो म्हटलंय.

---

काळीभोर_औसा

पेरणार. ठरलंय ते लिहितो, कुणाला सुधारणा सुचवायच्या असतील तर आत्ताच सुचवा, सप्टेंबरला उशीर होईल.

मी माझं तीन एकर एकट्यानं करत नाही. आमच्या ओढ्यालगतच्या पट्टीत पाच जणांची रानं एकमेकाला लागून आहेत, तिघांशी बोलणं झालं, दोघं एक-एक एकर द्यायला तयार आहेत, एकजण मूग काढून बघू म्हणाला. माझं दोन एकर धरून चार-पाच एकर सलग होईल. त्या रानात आत्ता मूग आणि उडीद पेरलाय म्हणजे खरीप पूर्ण वाया नाही, ऑगस्ट अखेर ते निघेल आणि ओल धरून ठेवायला दोन कुळवण्या मिळतील. पेरणी एकाच आठवड्यात. बियाणं दोन प्रकारचं, मालदांडी आणि परभणी मोती, शेजारी-शेजारी, म्हणजे कडब्यात कोण बरं ते गोठेवाल्या भाऊंना प्रत्यक्ष दाखवता येईल. राखणीला पाळी लावायची, चार घरं झाली तर प्रत्येकाला चौथ्या दिवशी एकदा. पूर्वी इर्जिक असायचं, सावड असायची, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकमेकाच्या रानात राबायचं, ते शब्द मी पोराला सांगितले तर त्याला माहीतच नव्हते.

रीपर औशात एकाकडं आहे असं कळलंय, त्याला उंच ज्वारीत चालवून बघितलं नाही म्हणाला. मंगळवेढा_शाळू, तुमच्याकडं जो चालवतो त्याच्याशी फोनवर बोलणं करून देता का, पातं किती उंचीवर ठेवायचं आणि वाकलेल्या ओळीत कुठल्या बाजूनं शिरायचं एवढंच विचारायचंय.

---

मंगळवेढा_शाळू

देतो की. व्यक्तिगत निरोपात नंबर टाका, संध्याकाळी सातनंतर. आणि पेरताना तासातलं अंतर 18 इंच ठेवा, त्यापेक्षा दाट केली की ताट बारीक राहतं आणि वाऱ्यानं लोळतं, मग कुठलंच यंत्र चालत नाही.

---

सोयाबीनच_बरं

काळीभोर दादा, माझं रान तुमच्यापासून लांब आहे म्हणून पट्टीत येता येत नाही. पण वीस गुंठे माझ्या विहिरीकडच्या तुकड्यात ह्या रब्बीला करून बघतो, तिथंच तो टणक थर सगळ्यात जास्त आहे. पाखरं खातील ते खातील, मला मूळ किती खाली जातं ते बघायचंय. फेब्रुवारीत उकरून फोटो टाकतो.